तार पुसणाऱ्या काकू

काकूंना मी शिकवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. पुढचं ऐकून तुम्ही काकूंच्या बाजूचे व्हाल. सगळेच होतात, मला आता सवय झाली आहे. पण माउस कसा धरायचा इथपासून या बाईंना मी शिकवलेलं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी तो उलटा धरला होता, शेपटी आपल्याकडे करून.

आमचा धंदा पुसण्याचा. सिनेमात माणूस उडतो, गच्चीवरून पडतो, या छपरावरून त्या छपरावर जातो, तेव्हा त्याला तारांनी बांधलेलं असतं. ती तार आम्ही पुसतो. एका सेकंदात चोवीस चित्रं असतात, त्यांना आम्ही फ्रेम म्हणतो. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे एकशेवीस फ्रेम, आणि प्रत्येकीतून तार काढून तिच्यामागचं आकाश, भिंत, झाडाचं पान, जे काही असेल ते परत भरायचं. नुसती तारच नाही. कॅमेरावाल्याची सावली, काचेत दिसणारा कुणाचा तरी हात, जुन्या काळातल्या राजवाड्यावर उगवलेला टीव्हीचा अँटेना, सगळं आमच्याकडे येतं. राक्षस बनवणारे आणि शहरं बुडवणारे कलाकार वरच्या मजल्यावर बसतात. त्यांच्या मुलाखती येतात. मीसुद्धा राक्षस बनवायलाच या धंद्यात आलो होतो, पण खालच्या मजल्यावर जागा रिकामी होती, म्हटलं चार महिने बसू. त्याला अकरा वर्षं झाली. आमचं काम नीट झालं तर दिसत नाही, आणि दिसलं तर ते नीट झालेलं नसतं.

काकू आल्या तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. शिकाऊ उमेदवारांची ती तुकडी विशी-बाविशीतली, कानात इअरफोनची बोंडं घातलेली, आणि त्यांच्यात या इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन, दवाखान्यात नंबर लावल्यासारख्या बसलेल्या. मला वाटलं कुणाची तरी आई सोडायला आली आहे. पाणी हवं का म्हणून विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "नको, मी शिकायला आलेय. तुम्हीच का मास्तर?" तेव्हापासून मला सगळं ऑफिस मास्तर म्हणतं. माझं हसं करायची सुरुवातही त्यांनीच केली, बघा.

त्यांच्या यजमानांचा फोटो स्टुडिओ होता. त्याच्या मागच्या खोलीत, एका दिव्याखाली, काकूंनी बावीस वर्षं फोटो दुरुस्त केले होते. पेन्सिल, पातळ ब्रश आणि भिंग. नवरीच्या गालावरचा फोड काढायचा, टकलावर चार केस लावायचे, घडी पडून फाटलेल्या फोटोतला आजोबांचा अर्धा कान परत करायचा. कधी कधी लोक गेलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो आणत, आणि त्यात नेमके त्याचे डोळे मिटलेले असत. काकू ते उघडून देत. "कसे उघडता? मुळात डोळे कसे होते ते कसं कळायचं?" मी एकदा विचारलं. "त्याच्या बहिणीला समोर बसवायचं," त्या म्हणाल्या, "आणि रडायच्या आत काम उरकायचं."

मग फोन आले, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि दुकान बसलं. यजमान एका छपाईच्या दुकानात कामाला लागले. लेकीने आमच्या कंपनीची जाहिरात पाहून आईला न विचारता अर्ज भरून टाकला. म्हणजे बघा, ज्या नोकरीसाठी मी तीन वेळा मुलाखत दिली, तिच्यासाठी या बाईंनी अर्जसुद्धा स्वतः भरला नव्हता.

पहिलं वर्ष मी मजेत काढलं. काकूंकडून एकेक प्रताप होत. एकदा एका निळ्या आकाशातला ठिपका त्या वीस मिनिटं पुसत बसल्या होत्या. पुसला जाईना. मला बोलावलं. मी बोट ओलं करून पडद्याच्या काचेवरून फिरवलं आणि ठिपका गेला. कुणाच्या तरी चहाचा शिंतोडा होता. हा किस्सा मी प्रत्येक नव्या माणसाला सांगितला आणि दर वेळी काकू स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसल्या, त्यामुळे त्यातली निम्मी मजा गेली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर एक मऊ फडका घडी करून ठेवलेला असे. वर्षभरात सगळ्यांच्या टेबलावर तसा फडका आला.

मग तो काचेचा शॉट आला. नायक एका दुकानाच्या काचेसमोर उभा, आणि काचेत शूटिंगवाल्यांची कॅमेऱ्यासकट सगळी वरात. मी नऊ दिवस लावले. आमचे सुपरवायझर तपासताना दोनच शब्द बोलतात. जमलं तर "पुढे", नाही तर "परत". आम्ही त्यांना परतसाहेबच म्हणतो. ते चार वेळा "परत" म्हणाले आणि पाचव्या वेळी काहीच न बोलता त्यांनी शॉट काकूंना दिला. काकूंनी पहिलं काय केलं, तर चित्र उलटं केलं. डोकं खाली, पाय वर. आणि तसंच दोन दिवस काम केलं.

"हे काय?" मी म्हटलं.

"सरळ असलं की आपण माणूस बघतो, मास्तर. उलटा चेहरा चेहरा वाटत नाही. मग डागच दिसतो. फोटो पण आम्ही असेच करायचो."

परतसाहेब "पुढे" म्हणाले. एका झटक्यात. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो. ती माझ्यासाठी करून ठेवली आहे हे माहीत नव्हतं. आणि खरं सांगतो, मीही आडोशाला एक शॉट उलटा करून पाहिला. माझी मान दुखली, बाकी काही झालं नाही.

त्यानंतर मला काकूंचं सगळंच खुपायला लागलं. त्या बरोबर सहाला उठतात, हे खुपायचं. मी आठपर्यंत बसून जे करतो ते त्यांचं साडेपाचलाच झालेलं असे. त्यांचे दोन चष्मे खुपायचे, एक जवळचा, एक लांबचा, आणि काम करताना दोन्ही डोक्यावर. नवी मुलं अडली की मला ओलांडून त्यांच्या खुर्चीपाशी जात, तेही खुपायचं. घरी जेवताना मी त्यांच्याबद्दलच बोलत असे. एक दिवस बायकोने ताट पुढे सरकवत म्हटलं, "लग्न ठरल्यावर माझ्याबद्दल एवढं बोलला असतात तर माझ्या बाबांनीच उलट हुंडा मागितला असता." मी म्हटलं, "चेष्टा नको." ती म्हणाली, "चेष्टा कुठली? आठवड्याचे पाच दिवस काकू, आणि सुट्टीच्या दिवशी काकू आज काय करत असतील."

अशात परतसाहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांना वरच्या मजल्यावर बढती मिळाली होती. विभागाला लीड हवा होता, म्हणजे पंधरा माणसांचा प्रमुख, कुणाला कुठला शॉट द्यायचा हे ठरवणारा. "तुमच्या दोघांपैकी एक," ते म्हणाले. "हा सिनेमा संपला की सांगतो." त्या दिवशी ते सलग तीन वाक्यं बोलले, यावरून मामला किती मोठा होता ते समजा.

ही खुर्ची मला हवी होती. सहा वर्षं हवी होती. मी मनातल्या मनात टेबलाची जागासुद्धा बदलली होती, खिडकीकडे पाठ करून. काकू केबिनबाहेर येऊन म्हणाल्या, "तुम्हालाच मिळणार हो, मास्तर. मला कुठे माणसांना रागवता येतंय." याचा मला अधिकच राग आला. हवं असून नको म्हणणाऱ्याचा राग येतो, पण खरोखरच नको असलेल्याला ते मिळणार असेल तर त्याला काय म्हणावं?

सिनेमाचा शेवटचा मोठा शॉट काकूंकडे गेला. नायिका तिसऱ्या मजल्यावरून पाठमोरी खाली पडते. खांद्यांतून दोन तारा वर गेलेल्या, केस सगळे वर उडालेले, मागे खिडक्याच खिडक्या आणि एका दोरीवर वाळत घातलेले कपडे. उडत्या केसांतून तार काढायची म्हणजे काय असतं ते ज्याचं त्याला ठाऊक. काकूंनी अकरा दिवसांत केला. तपासणीची पाळी माझी होती. शॉट बाहेर दाखवण्याआधी एका वरिष्ठाने तो फ्रेमन् फ्रेम पाहायचा आणि तक्त्यात बरोबरची खूण करायची, असा आमच्याकडे नियम आहे.

मी पाहायला बसलो. चूक सापडू दे, अशी प्रार्थना करत बसलो, लपवायचं कशाला? पहिल्या साठ फ्रेममध्ये काही नाही. केस न् केस जागेवर. आणि एक हजार एकसष्टव्या फ्रेमला नायिकेच्या गळ्यातली साखळी गेली.

आमच्याकडे फ्रेमचे आकडे एक हजार एकपासून सुरू होतात, म्हणून एक हजार एकसष्ट. बारीक सोन्याची साखळी होती. पडताना ती वाऱ्याने गळ्यातून वर उडून तारेच्या अगदी शेजारी आली होती, आणि काकूंनी तार समजून तीही पुसून टाकली होती. एक हजार चौऱ्याहत्तरपर्यंत गळा मोकळा. पंचाहत्तरला साखळी परत हजर. चौदा फ्रेम, अर्ध्या सेकंदाहून जरासं जास्त. सरळ बघणाऱ्याला आधी गळा दिसला असता आणि मग गळ्यातली साखळी. पण काकूंनी हाही शॉट उलटा करूनच पुसला होता, उलटा गळा त्यांना गळा वाटलाच नसणार. ज्या युक्तीने त्यांनी मला खाली पाडलं होतं तिनेच त्यांना पाडलं.

नियमाप्रमाणे मी उठून त्यांना सांगायला हवं होतं. त्या चार टेबलं पलीकडेच होत्या. एक तासाचं काम. मी तक्त्यात बरोबरची खूण केली आणि शेरा लिहिला, "दोष नाही." मग चहा प्यायला गेलो. तो चहा मला फार गोड लागला, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्दर्शक आले. दाखवण्याच्या खोलीत पुढे त्यांच्यासाठी सोफा, शेजारी परतसाहेब, आणि मागे भिंतीला टेकून आम्ही. दिवे गेले. मी मनात म्हणत होतो, आता बघतील, आता हात वर करतील. बाई पडली. दिग्दर्शक म्हणाले, "परत दाखवा." माझ्या मनात लाडू फुटले. पुन्हा पडली. "परत." तिसऱ्यांदा पडली. आणि ते सोफ्यावर मागे रेलून म्हणाले, "काय पडते हो! शूटिंगला मी तिथेच उभा होतो, तरी आता तार कुठे होती ते मला सांगता येणार नाही. कुणी केलं हे?"

कुणी केलं हे! अकरा वर्षांत कुठल्या दिग्दर्शकाने हा प्रश्न विचारला नव्हता. परतसाहेबांनी मागे बोट दाखवलं. दिग्दर्शक वळले, उठून उभे राहिले आणि काकूंना त्यांनी हात जोडले. काकूंनी गोंधळून डोक्यावरचे दोन्ही चष्मे खाली ओढले.

मला राहवलं नाही. शपथेवर सांगतो, मी ठरवून काही केलं नाही, तोंडच सुटलं.

"साखळी नाहीये!" मी ओरडलो. "एक हजार एकसष्ट ते चौऱ्याहत्तर, गळ्यात साखळी नाहीये तिच्या!"

परतसाहेबांनी शॉट पुन्हा लावला आणि एकेक फ्रेम पुढे नेला. साठ, साखळी आहे. एकसष्ट, नाही. दिग्दर्शक वाकून पाहत म्हणाले, "अरे हो की! मला तर जन्मात दिसलं नसतं." काकू भिंतीपासून दोन पावलं पुढे आल्या आणि म्हणाल्या, "माझी चूक. तार समजून पुसली मी. तासाभरात करून देते." आणि लगेच निघून गेल्या. चुकलेल्या माणसाने एवढं सरळ निघून जाऊ नये. बाकीच्यांची पंचाईत होते.

पाहुणे गेल्यावर परतसाहेब माझ्याकडे वळले. "तुला केव्हा दिसलं?"

"आत्ताच, साहेब."

"चालत्या शॉटमध्ये?"

"हो."

"पडद्यावर फ्रेमचे आकडे नव्हते."

अर्ध्या सेकंदाची चूक एखादा चालत्या शॉटमध्ये पकडेलही. पण कुठल्या आकड्याला सुरू होते आणि कुठल्या आकड्याला संपते, हे ज्याने आधी थांबवून थांबवून पाहिलंय तोच सांगू शकतो. आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं. परतसाहेबांनी तपासणीचा तक्ता उघडला. तिथे माझी खूण होती, माझा शेरा होता, आणि आदल्या दिवसाची वेळ होती. त्यांनी ते वाचलं. मला वाटलं आता "परत" म्हणतील. तेही म्हणाले नाहीत. नुसता तक्ता बंद केला. लीडची खुर्ची कुणाची झाली हे सांगायला कुणाची गरज उरली नाही, त्या दुपारी सगळ्या मजल्याला ते ठाऊक होतं.

चारच्या सुमाराला काकू माझ्या टेबलापाशी आल्या. मी राजीनामा लिहायला घेतला होता आणि "महोदय" याच्या पुढे गाडी जात नव्हती. त्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, मी त्याची तयारी ठेवली होती.

"साखळी बसवली," त्या म्हणाल्या. "एकदा बघून घ्या."

मी पाहिली. चौदाही फ्रेममध्ये कडी न् कडी होती. मी म्हटलं, "काकू, मला काल दिसलं होतं."

"ठाऊक आहे हो. आकडे सांगितलेत ना तुम्ही. मला त्याचं वाईट वाटलं. नाही कसं म्हणू? चार टेबलं पलीकडे होते मी. पण मी दुसरंच विचारायला आलेय. माझ्या आणखी कुठे कुठे चुका दिसल्या तुम्हाला?"

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. माझ्या खणात एक वही होती. काकूंचा प्रत्येक शॉट, माझी तपासणीची पाळी असो नसो, जेवणाच्या सुट्टीत मी उघडून पाहत असे आणि चूक शोधत असे. दोन वर्षं. सापडलं ते त्या वहीत लिहीत होतो, वेळ येईल तेव्हा काढू म्हणून. बायकोलासुद्धा ती ठाऊक नव्हती. का कोण जाणे, मी खण उघडला आणि वही काकूंच्या हातात दिली.

त्यांनी जवळचा चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "पुलाचा शॉट. डाव्या कोपऱ्यातल्या आकाशात दाणा कमी." दाणा म्हणजे चित्रात असते ती बारीक खरखर, पुसलेल्या जागी ती नसली तर जागा गुळगुळीत दिसते. "आगगाडीचा शॉट. तिसऱ्या खिडकीची कड एका फ्रेमला हलते. म्हातारीचा शॉट. दोष नाही. विहिरीचा शॉट. दोष नाही. पाणी फारच छान केलंय, कसं केलं कळत नाही." हे शेवटचं मी कधी लिहिलं मलाच आठवत नव्हतं. काकू वाचता वाचता मान हलवत होत्या. मधेच म्हणाल्या, "खिडकीची कड! मला तेव्हाच संशय होता." त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू कुणाचं पत्र आलं आहे.

"सगळे पाहिलेत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

"दोनशेच्या वर असतील."

"दोनशे सोळा," मी म्हटलं.

काकूंनी वही मिटून मांडीवर ठेवली. "मास्तर, आमच्या ह्यांना मी एकदा थिएटरात नेलं होतं. आपलाच सिनेमा. म्हटलं, बघा हां, आता येईल माझं काम. आलं आणि गेलं. ते म्हणाले, कुठे काय होतं? लेक म्हणते, आई, त्यात बघायचं काय, तिथे काही नसतंच. बरोबरच आहे तिचं. बावीस वर्षं फोटो केले, तेव्हाही लोक फोटोतला माणूस बघायचे. मी कुठे हात लावलाय हे कुणी शोधलं नाही." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तुम्ही शोधलंत. ही वही मी नेऊ का घरी?"

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

त्या गेल्या. मी "महोदय" खोडून टाकलं आणि तसाच बसून राहिलो. माझे अकरा वर्षांतले शॉट मी आठवायला लागलो. सहाशे तरी असतील. परतसाहेबांनी ते पाहिले, "पुढे" म्हणाले, आणि ते पुढे गेले. त्यातल्या कुठल्या कोपऱ्यात दाणा कमी आहे, कुठली कड हलते, कुठलं पाणी कसं केलंय ते कळत नाही, हे जेवण सोडून कुणी पाहिलं नव्हतं. माझ्यावर इतकं जळणारं कुणी नव्हतं. सोमवारी काकू लीडच्या खुर्चीत बसल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तेव्हासुद्धा मला त्यांचा तेवढा हेवा वाटला नाही, जेवढा ती वही पिशवीत घालून सहा वाजता त्या घरी निघाल्या तेव्हा वाटला.